देवजीमामांचे अठरा स्टॉप

आसनगाव,
८ सप्टेंबर २०२५

मामा,

नमस्कार, तब्येत, भाताची खबर, सगळं विचारलं असं धरून चाला, कारण मला घाई आहे. फोनवर तुम्ही नुसतं "हां, हां" करता आणि फोन ठेवून मामीला विचारता, "काय बोलली गो ती?" चौतीस वर्षं मशीनजवळ उभं राहून कान गेले, त्याला तुमचा इलाज नाही. म्हणून मामीच्या हुकमावरून हे पत्र. तुमचा पुतण्या जीवनदादा रोज भाजीचा टेम्पो घेऊन वैशाखऱ्याहून शहापूरला येतोच, तोच आपला पोस्टमन. पत्र वाचायचं नाही अशी त्याला शपथ घातली आहे. तरी तो किन्हवलीच्या चहाच्या टपरीवर वाचणार, हे मला माहीत आहे.

बातमी अशी, की आपल्या साच्यांच्या शॉपमधे हितेशशेठनी त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, व्हीएमसीचा, चार्ज मला दिलाय. म्हणजे दिलाय आणि नाहीही. दिवाळीपर्यंत ट्रायल.

पाण्याच्या मीटरचं झाकण आठवतं? २०१७ ला तुम्ही त्याचा साचा केला होता. तेच गिऱ्हाईक परत आलंय, पण आता त्यांना दर महिन्याला नवा नमुना हवा, थोडा थोडा बदलून. साच्यात बसवायचे स्टीलचे ठोकळे, म्हणजे इन्सर्ट, चार, आणि तुमच्या प्रोग्रॅमनं एक इन्सर्ट कापायला मशीन अकरा तास घेतं. शेठ म्हणाले, "अकराचे सात कर, मशीन तुझं. नाय झालं तर कल्याणहून दिपेश येतोय, तू परत पॉलिशिंगला." दिपेश म्हणजे कोण, तर मोठ्या कारखान्यात प्रोग्रॅमिंग करून आलेला मुलगा. मी अजून पाहिला नाही, पण मला तो आवडत नाही.

पॉलिशिंगचं काम वाईट नाही मामा. सहा वर्षं त्या बाकावर बसून मी दुसऱ्यांनी कापलेले साचे घासले आणि संध्याकाळी क्लासला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकले. आता मला परत तिथं बसायचं नाही. सरळ लिहिते, फार वाईट वाटेल.

म्हणून मी एक अख्खा जॉब घड्याळ घेऊन मशीनसमोर उभी राहिले आणि मिनिट मिनिट लिहून काढलं. अकरा तासांत मशीन खरं स्टील कापतं साडेसात तास. पाऊण तास कटर हवेत फिरतो. एक खाच झाली की हातभर वर उठतो, चालत पुढे जातो, परत खाली येतो. तासभर मी कटर शोधते, जॉबचा ठोकळा बांधते, आणि मशीन माझ्या तोंडाकडे बघत उभं. उरलेले पावणेदोन तास तुमचे ते अठरा स्टॉप.

मधेच मशीन आपोआप थांबतं. कोणीतरी जायचं, दार उघडायचं, आत बघायचं, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. असं अठरा वेळा. माणूस चहाला गेला असेल तर तो येईपर्यंत मशीन थांबलेलं. का थांबतं ते कोणाला ठाऊक नाही. विचारलं की सगळे म्हणतात, "देवजीभाऊंनी टाकलेत, कायतरी असेलच." एक काढून बघू म्हटलं, तर शेठ केबिनमधून उठून आले, "त्याला हात लावू नको."

मामा, का टाकलेत तेवढं सांगा.

तुमची,
रुचिता


वैशाखरे,
१२ सप्टेंबर

रुचितास,

पत्र मिळालं. जीवननं वाचलेलं होतं, सरळगाव सोडल्यापासून हसत होता म्हणे.

माझ्या प्रोग्रॅममधे तुला हवा सापडली. बरं. त्या प्रोग्रॅमवर आठ वर्षांत एक इन्सर्ट बाद झाला नाय, हे तुझ्या घड्याळात येतं का? कटर हातभर वर उठतो तो काय हौस म्हणून नाय. मधे क्लॅम्पची बोल्ट उभी असतात, त्यांना ओलांडून जायला उठतो. तू जॉब कुठून बांधतेस ते आधी बघ, मग माझ्या कटरला नावं ठेव.

स्टॉपचं विचारलंस. ते स्टीलचा कीस, चिप, साफ करायला आहेत. खाचेत चिप साचली की कटर तीच परत चावतो आणि मोडतो. बाकी काय नाय.

आमच्या इथं माळशेजच्या रस्त्याला पाटी आहे, अति घाई संकटात नेई. ती पाटीसुद्धा लोक गाडी ऐंशीवर ठेवून वाचतात. तू त्यातली होऊ नको.

मामा

(याच पाकिटात घातलेला दुसरा कागद)

रुचे, मी शकूमामी. मामा हात धुवाया गेलाय तवर हा कागद घुसवते.

तुजा पत्र वाचून मामा दोन दिस खाचरातच जाऊन बसला. जेवला मात्र रोजच्यासारका. राग नाय तो, त्याला लागलाय. आपण केलेला काम पोरीनं घड्याळ लावून मोजला, म्हून.

मला त्या मशीनीतला काय कळत नाय. पन तू लिवलंस ना, मी कटर शोधते नि मशीन बघत उभा, ते वाचून मला हसू आला. भाताच्या लावणीला आमी काय करतो गो? आवणाच्या, रोपांच्या मुठी आधी सगळ्या खाचरात फेकून ठेवतो, मंग बाया चिखलात उतरतात. हात मागं केला की मूठ. एक जरी बाई मूठ आणाया बांधावर गेली तरी गावची धाऊआजी तिला सोडत नाय, सात पिढ्या काढते. तू तुज्या कटराच्या मुठी आधी फेकून ठेव की. तुला कोन शिकवलाच नाय का?

मामाला सांगू नको मी लिवला.

शकू


आसनगाव,
१८ सप्टेंबर

मामा,

क्लॅम्पचं तुमचं बरोबर होतं. मी मान्य करते, तुम्ही हे वाक्य दोनदा वाचा. आता जॉब वरून नाही बांधत, खालून बोल्ट लावून लोखंडी पाटावर बसवते. वर काही उभंच नाही, त्यामुळे कटर बोटभर उठतो आणि सरळ पुढच्या खाचेत. अर्धा तास वाचला.

एका जाणकार बाईनं (नाव सांगणार नाही) मला लावणीची गोष्ट सांगितली. त्यावरून मी एक जुनी ट्रॉली धुऊन घेतली, सगळे कटर ज्या क्रमानं लागतात त्या क्रमानं तिच्यावर मांडून ठेवले. दुसरा पाट करून घेतला. मशीन एक इन्सर्ट कापत असताना पुढचा ठोकळा मी बाहेरच त्या पाटावर बांधून तयार ठेवते. पंचावन्न मिनिटं वाचली मामा, आणि त्यात अक्कल माझी काडीची नाही.

पुढचं जरा तुम्हाला टोचेल. झाकणाची आतली बाजू, जी मीटरवर बसली की जन्मात कोणी बघणार नाही, तिथंही तुम्ही आरसा केलाय. कटर केसाएवढा सरकत सरकत तिथं तासभर फिरतो. कोणासाठी? मी तिथं कटरची चाल मोठी केली, दिसणाऱ्या बाजूला तुमचाच आरसा ठेवला. चाळीस मिनिटं.

आता आठ तास पंचावन्न मिनिटं. शेठ येता जाता काचेतून आत बघून जातात.

आता स्टॉप. चिप साफ करायला म्हणता, ते मला पटलं नाही. अठरापैकी सात स्टॉप सपाट माथ्यावर आहेत. तिथं चिप साचूच शकत नाही, पाणी धुऊन नेतं. मी प्रत्येक स्टॉपला दार उघडून बघितलंय, आत सगळं स्वच्छ असतं. मग कारण वेगळं आहे आणि तुम्ही मला सांगत नाही. पोरीच्या जातीला झेपणार नाही असं वाटतं का? शॉपमधे तसं म्हणणारे आहेत, त्यांचं मी मनावर घेत नाही. तुमचं घेईन.

रुचिता


वैशाखरे,
२३ सप्टेंबर

रुचिता,

काल घट बसले. शकूचे नऊ दिवस उपास, त्यामुळे माझ्यावर ओरडायची ताकद तिला कमी आहे. म्हणून आज शांतपणे लिहायला बसलो.

तू शेवटी जे लिहिलंस ते वाचून मला फार वाईट वाटलं. तुला हातात कानस धरायला मी शिकवलं, ते झेपणार नाय म्हणून शिकवलं का? कारण दुसरं आहे. लिहितो. वाचून झाल्यावर कागद फाड. हितेशला किंवा शॉपमधे दुसऱ्या कोणाला हे कळता कामा नये, तसा शब्द दे.

मी सव्वीस वर्षं हाताच्या मिलिंगवर काम केलं. चाक हातात असायचं. आत कटर काय करतोय ते मनगटाला कळायचं. बोथट झाला, स्टील कडक लागलं, सगळं हाताला आधी, कानाला मागून. २०१२ ला हितेशच्या वडलांनी व्हीएमसी आणलं. दार बंद. आत पाणी उडतंय, दिसत काय नाय, हाताला लागत काय नाय. मी बावन्न वर्षांचा, आणि मला त्या मशीनची भीती वाटायची. सगळे मला मास्तर म्हणायचे. मास्तरानं कोणाला जाऊन विचारायचं?

म्हणून दर खाचेनंतर स्टॉप टाकला. मशीन थांबलं की दार उघडायचं, आत हात घालायचा, बोटानं चाचपायचं. सगळं ठीक असायचं. मग श्वास सोडायचा आणि बटण दाबायचं.

वर्षभरात भीती गेली. पण तोवर पोरं म्हणायला लागली होती की स्टॉप म्हणजे देवजीभाऊंची खास विद्या आहे, ती कोणाला सांगत नाय. मला ते गोड वाटलं, मी काय बोललो नाय. २०१७ ला झाकणाचा प्रोग्रॅम केला तेव्हा एकाही स्टॉपची गरज नव्हती. तरी अठरा टाकले. लोकांना सवय झाली होती, आणि खरं लिहायचं तर मलाही.

काढ सगळे. हितेशनं विचारलं तर सांग, पाण्याचा जादा नळ बसवलाय, चिप आपोआप धुऊन जाते, आता गरज नाय.

मामा


आसनगाव,
२८ सप्टेंबर

मामा,

कागद फाडला. शब्द दिला.

आधी एक सांगते. शनिवारी साध्या ठोकळ्यावर स्टॉप न ठेवता प्रोग्रॅम चालवला, तेव्हा मीही भ्याले होते. दाराच्या काचेला नाक लावून उभी होते. तुमचं पत्र वाचलं नसतं तर मला वाटलं असतं की असं फक्त मलाच होतं. त्यामुळे पत्र फाडताना जिवावर आलं.

सात तास दहा मिनिटं. जादा नळ बसवून शेठना तसं सांगितलं. ते नळाकडे बघून म्हणाले, "देवजीभाऊंना विचारलंस का?" मी म्हटलं, विचारलं. ते मान हलवून गेले.

दहाच मिनिटं उरली. सुरुवातीला ठोकळ्यातून ढोबळ माल काढतो तिथं जागा आहे. कटर आत्ता कोपऱ्यात शिरला की पूर्ण दाबला जातो, म्हणून त्याला सगळीकडेच हळू चालवावं लागतं. त्याला गोल गोल वाटेनं नेलं, की कुठंच जास्त दाब येत नाही आणि सगळीकडे जोरात चालवता येतो. बुधवारी खंडेनवमीची पूजा, गुरुवारी दसऱ्याची सुट्टी, आणि शुक्रवारी पहिला खरा इन्सर्ट. या वर्षी मशीनची पूजा मी करायची असं शेठ म्हणाले. आईनं त्यासाठी नवी साडी काढलीये. साडी नेसून व्हीएमसीसमोर कशी दिसेन कोण जाणे.

मामीला सांगा, उपासाला शिंगाड्याचं पीठ जीवनदादाबरोबर पाठवते.

रुचिता


आसनगाव,
४ ऑक्टोबर

मामा,

पत्र छोटं लिहिते.

काल पहिला इन्सर्ट कापला. सहा तास पन्नास मिनिटं. सगळे जमले होते, टाळ्या वाजवल्या. मग मोजायला घेतला आणि झाकणाच्या तळाला पायरी निघाली. सहा मिलिमीटरच्या कटरनं कापलेला भाग बरोबर आणि चारच्या कटरनं कापलेला भाग वर. शून्य पॉइंट बारा मिलिमीटर, वहीच्या कागदाहून जरा जाड. नखाला लागते. असा इन्सर्ट गिऱ्हाईक घेणार नाही.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "देवजीभाऊंचे स्टॉप काढलेस, त्याचं हे फळ. ते वेडे म्हणून थांबत होते का? थांबून बोटानं बघायचे म्हणून आठ वर्षं पायरी आली नाय." दिवाळीपर्यंतही आता थांबणार नाहीत. दिपेशला गुरुवारी बोलावलंय. तोवर अठराच्या अठरा स्टॉप परत टाकायचे, अकरा तासांचा जुना प्रोग्रॅम चालवायचा, आणि गुरुवारपासून मी पॉलिशिंगला.

शब्द मोडला नाही, मोडणार नाही. एकदा जिभेवर आलं होतं, ते लपवत नाही. पण तुम्ही तुमच्या मनातलं मला लिहिलंत, ते काय माझी जागा वाचवायला वापरायला नव्हे. हे तुम्हाला कळवते ते बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून.

प्रोग्रॅम तीनदा तपासला. त्यात चूक नाही. पायरी कुठून आली, मला कळत नाही.

रुचिता


वैशाखरे,
७ ऑक्टोबर

रुचे,

हा कागद जीवनच्या खिशात हाय नि मामा त्याच्या बाजूला टेम्पोत बसलाय. त्याला कळू देऊ नको.

तुजा पत्र आला तवापासून हा जेवला पन नाय. काल विचारला काय झाला, तर बोलला, "जुनी गोष्ट हाय, माजी मला निस्तरायची." मला काय सांगत नाय. लवकरचा हळवा भात कापाया आलाय, बाया सांगून ठेवल्यात, विळे धार लावून ठेवलेत, नि हा सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालून उभा. मी बोलली, कापणी कोन करील? तर बोलला, दोन दिस तू बघ.

रागानं येत असंल तर आधी चहा दे. साखर कमी घाल.

शकूमामी


आसनगाव,
१० ऑक्टोबर

मामी,

मामा आज घरी पोचतील आणि तू विचारशील काय झालं, तर म्हणतील, "काय नाय, झालं." म्हणून सगळं तुलाच लिहिते. पान पुरलं नाही तर मागे लिहीन.

मंगळवारी साडेनऊला मामा शॉपमधे आले. शेठ केबिनमधून धावत आले, पाया पडले, खुर्ची मागवली. मामा बसले नाहीत. म्हणाले, "हितेश, मशीन बंद कर. मला सगळ्यांनी ऐकायला पायजे."

मशीन बंद झालं. आम्ही सात-आठ जण उभे. मामा म्हणाले, "त्या स्टॉपमधे काय विद्या नाय. नवीन मशीन आलं तेव्हा मी भ्यायलो होतो. बोटानं चाचपल्याशिवाय मला धीर व्हायचा नाय, म्हणून थांबवत होतो. पुढं भीती गेली, पण तुमी मास्तर म्हणायचे ते सुटंना. हिचा मी शब्द घेतला होता, कोणाला सांगू नको. हिनं नाय सांगितला. आता मी सांगतो."

मामी, कोणी हसलं नाही. मला वाटत होतं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं, आणि त्याच वेळी वाटत होतं की जाऊन मामांच्या गळ्यात पडावं. दोन्ही केलं नाही. शेठ मशीनजवळ आले. मग म्हणाले, "देवजीभाऊ, ते ठीक हाय. पण मग पायरी कशाची?"

"ते बघूया की," मामा म्हणाले, आणि तोंड धुतल्यासारखे एकदम कामाला लागले. मला विचारलं, सहाच्या कटरची उंची कधी घेतलीस? मी म्हटलं, दसऱ्याआधी. चारच्या कटरची? शुक्रवारी, दसऱ्यानंतर. "कशावर घेतलीस, आण इकडं."

तुला समजेल असं सांगते. कटर किती लांब आहे ते मशीनला कळावं म्हणून एक छोटा गोल ठोकळा असतो, त्याच्या डोक्यावर कटर अलगद टेकवायचा. त्याला टूल सेटर म्हणतात. तो मी आणून दिला. मामांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. डोळे मिटून सेटरच्या डोक्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पूजेला काय काय लावलंस गो?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला मी व्हीएमसीला कुंकू लावलं, ड्रिलला लावलं, वजनकाट्याला, शेठच्या गाडीला लावलं. ट्रॉलीवर हा सेटर होता. म्हटलं, सगळ्यांना लावलं, हा बारका बिचारा का सोडायचा. म्हणून ह्याच्याही डोक्यावर हळदकुंकू, चांगलं पाण्यात कालवून. शुक्रवारी फडक्यानं पुसलं होतं. पण तेलात मिसळून त्याची पापडी धरली होती, रंग काळपट, लोखंडासारखाच. मामांनी नखानं खरवडून ती पापडी तळहातावर घेतली. मापली. शून्य पॉइंट बारा.

सेटर तेवढा उंच झाला, म्हणून मशीनला वाटलं चारचा कटर तेवढा लांब आहे, म्हणून त्यानं तेवढं कमी कापलं. दसऱ्याआधीच्या कटरांना काही झालं नाही. झाली पायरी. प्रोग्रॅमची चूक नाही, स्टॉपची नाही, वेगाची नाही.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "शेठ, कुंकू मीच लावलं. चूक माझी." शेठनी माझ्याकडे बघितलं, त्या पापडीकडे बघितलं, आणि असे हसायला लागले की त्यांना खुर्ची लागली, मामांसाठी आणलेली. म्हणाले, "नशीब कमी कापलंय. जास्त कापलं असतं तर देवीलासुद्धा ते स्टील परत चिकटवता आलं नसतं." सेटर साफ केला, चारच्या कटरची उंची परत घेतली, तेवढाच भाग पुन्हा कापला. पायरी गेली. इन्सर्ट वाचला.

तुझ्या सांगण्याप्रमाणे चहा दिला. साखर कमी होती म्हणून मामांनी परत मागून घेतली.

दोन दिवस मामा आमच्याकडेच राहिले. काल गुरुवारी दिपेश आला. साधा मुलगा आहे गं, माझाच राग फुकट गेला. शेठनी त्याला सांगितलं, "नवीन ठोकळा लाव, हिचा प्रोग्रॅम तू चालव. ही काय हात लावणार नाय." मी आणि मामा बाजूला बाकावर बसलो. दिपेशनं बटण दाबलं. मामांनी एकदाही काही विचारलं नाही, दुपारी उठून डबा खाल्ला, परत येऊन बसले. सहा तास पन्नास मिनिटं. दिपेशनं स्वतः मोजलं, सगळीकडून, दोनदा. म्हणाला, "बरोबर आहे. रफिंगची, ढोबळ कापाची ही गोल वाट मला पण शिकवाल का ताई?"

शेठ म्हणाले, "शिकवेल की. मशीनचा चार्ज तिचाच हाय. तू तिच्या हाताखाली दुसरी शिफ्ट बघ." एवढंच, आणि फोन आला म्हणून केबिनमधे गेले. मी संडासात जाऊन रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि पुढचा ठोकळा पाटावर बांधायला घेतला, कारण तो तसाच राहिला होता.

मामांना विचार, अकरा तासांचा जुना प्रोग्रॅम मशीनमधे अजून आहे, त्याचं काय करू? शेठ म्हणतात, राहू दे, देवजीभाऊंची आठवण. मलाही ठेवावासा वाटतो.

कापणीला मामा नव्हते त्याबद्दल माझ्यावर रागावू नकोस. दिवाळीला येऊन भाताच्या झोडणीला हात लावीन.

तुझी,
रुचिता


वैशाखरे,
१३ ऑक्टोबर

रुचिता,

दोन शेतं कापून झाली. माझी पाठ मोडली, शकूची नाय मोडली.

तुझं पत्र शकूनं तीनदा वाचलं. मग चुलीपुढं बसून मला विचारलं, "भ्यायला होता तर मला का नाय सांगितला?" तेरा वर्षांनी हा प्रश्न. मी म्हटलं, तुला मशीनमधलं काय कळणार. ती म्हणाली, "मशीनीतला नसता कळला. भ्यायचा कळला असता."

शॉपमधे बोललो त्या रात्री तुमच्या घरी मला गाढ झोप लागली. तुझ्या आईनं सांगितलं, घोरत होतो. सगळ्यांसमोर लाज जाईल अशी मला खात्री होती. गेली पण असेल थोडी. पण हलकं वाटलं, ते खोटं कशाला लिहू.

तुझं काम चांगलं आहे. बाकावर बसून सहा तास पन्नास मिनिटं बघितलं, मला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नाय. शोधत होतो. हे शकूनं लिही म्हणून सांगितलेलं नाय, माझं मी लिहितोय. मला तुझा अभिमान वाटतो.

आता जुन्या प्रोग्रॅमचं. तो पुसून टाक. आठवण म्हणून ठेवू नको, हितेश काय म्हणाला तरी. उद्या एखादं नवीन पोरगं तुझ्या वेगाला घाबरेल. माझा प्रोग्रॅम आत असला, तर ते गुपचूप माझा लावील आणि अकरा तास दार उघडत, लावत उभं राहील, आणि तू विचारलंस तर चिपचं कारण सांगील. माझा नसला, तर त्याला तुझ्याकडे येऊन सांगावं लागेल, ताई, भीती वाटते. आलं की त्याला हसू नको. जवळ उभी राहा आणि बटण त्यालाच दाबू दे.

चार्ज तुझा आहे म्हणून तुला सांगतोय. मी तिथं असतो तर माझ्या हातून तो पुसला गेला नसता.

मामा